फोक्सवागन बीटलच्या चासिसवर (गाडीच्या खालच्या तळावर) ही कुठली बॉडी आहे? (पोर्शे नाहीये एवढं नक्की)

स्टुटगार्टचा_पुणेकर:
नमस्कार मंडळी. इथे शेजारचे आजोबा गेल्या वर्षी वारले, आता आज्जींनी गॅरेज रिकामं करायला घेतलंय म्हणून मदतीला गेलो तर सफरचंदांच्या पेट्या आणि जुन्या गाद्यांच्या मागे एक टपाची, म्हणजे कापडी टपाची, दोन दाराची गाडी निघाली. रंग कधीकाळी क्रीम असावा. लांबून बघितली तर सरळ पोर्शे ३५६ वाटते, तसंच गोल नाक, मडगार्ड बॉडीतच मिसळलेले, पायरी नाही. पण आत बघितलं तर स्पीडोमीटर बीटलचा, चाकाच्या टोप्यांवर फोक्सवागनचा शिक्का, इंजिन मागे. बॉडीवर नाव, बिल्ला काहीच नाही. आज्जी फक्त "आमची फोक्सवागन" म्हणतात. एक जुन्या गाड्यांचा डीलर येऊन गेला, बोनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला सत्तरच्या दशकात कोणीतरी हौसेने बनवलेली नक्कल आहे, भंगारापेक्षा थोडे जास्त देतो. मला ते पटलं नाही. कोणी सांगेल का काय बघायचं?

तांबडीकाळी:
हेबम्युलर असणार, बीटलवर स्वतःची बॉडी चढवणारी ती जुनी जर्मन कंपनी!!! लॉटरी लागली आज्जींना 😀

एअरकूल्ड_अण्णा:
थांबा थांबा, लगेच हेबम्युलर नको. हेबम्युलरची टू सीटर पुढून अख्खी बीटलच असते, तेच सुटे मडगार्ड, तीच पायरी, तेच बोनेट. वेगळेपण सगळं टपात आणि मागच्या लांब इंजिनाच्या झाकणात. व्ह्युल्फ्राथच्या त्यांच्या कारखान्याला १९४९ च्या जुलैत आग लागली आणि मग धंदा सावरलाच नाही, एकूण सातशेच्या आत गाड्या झाल्या. पायरीच नाही म्हणतोय तर तो विषय संपला.

पुणेकरा, तू आता असं कर. आधी टेप घे आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोज. २४०० मिलिमीटर आलं तर बीटलचा तळ न कापता वापरलाय. पोर्शे ३५६ चं माप २१०० आहे, म्हणजे तेवढ्यानेच पोर्शेचा प्रश्न मिटतो. मग मागची सीट उचल, मधल्या टनेलवर (तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर) चासिस नंबर ठोकलेला असतो, वायर ब्रशने घासू नकोस, रॉकेल लावलेल्या फडक्याने पूस. तिसरं म्हणजे चुंबक. बर्लिनचे रोमेट्श पण बीटलवर बॉडी चढवायचे, त्यांचा पत्रा अल्युमिनियमचा, त्यांच्या पहिल्या मॉडेलला लोक 'केळं' म्हणायचे, बघशील तर कळेल का ते. पण चुंबक चिकटला नाही म्हणून लगेच रोमेट्श म्हणू नको, खाली बोटभर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असली तरी चिकटत नाही, आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनी पण हेच केलेलं असतं. दहा ठिकाणी लावून बघ, आणि दाराचं आतलं अस्तर काढून पत्रा उलट्या बाजूने बघ, खरी गोष्ट तिथे कळते.

आणि इंजिन. डायनामो ज्या खांबावर बसतो तो खांब इंजिनाच्या केसिंगबरोबर एकसंध ओतलेला आहे की बोल्टने बसवलेला ते बघ. एकसंध असेल तर जुनं २५ किंवा ३० हॉर्सपॉवरचं, सुटा असेल तर १९६० नंतरचं, म्हणजे कधीतरी बदललेलं.

चाकणवाला:
अण्णा एक शंका, चासिस नंबरवरून कंपनीकडून जन्मदाखला मागवता येतो ना वुल्फ्सबर्गहून? मग एवढी शोधाशोध कशाला

एअरकूल्ड_अण्णा:
मागवायचाच, पण त्यातच लोक फसतात. या छोट्या बॉडीवाल्यांना फोक्सवागन नुसती चासिस द्यायला खळखळ करायची, त्यामुळे रोमेट्शसारखे लोक अख्खी नवी बीटल विकत घ्यायचे, बॉडी उतरवायचे आणि खालच्या तळावर आपली चढवायचे. म्हणजे दाखल्यावर साधी बीटल आणि भलताच रंग लिहून येणार. तो आला की डीलर म्हणणार बघा, ही नक्कलच. तळाचं वय तळ सांगतो, बॉडीचं वय बॉडीलाच विचारावं लागतं. आणि जर्मनीत असशील तर जुना पुठ्ठ्याचा वाहन-ब्रीफ (गाडीच्या नोंदणीचा कागद) शोध, त्यात मालकांची यादी असते आणि बॉडीचा प्रकारही.

स्टुटगार्टचा_पुणेकर:
अण्णा, शनिवार अख्खा गेला पण मजा आली. २४०० बरोब्बर. नंबर १-०५३ ने सुरू होतो. चुंबक सगळीकडे चिकटला, फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात नाही, तिथे तुमची लांबी. डायनामोचा खांब सुटा आहे. दाराचं अस्तर काढलं तर आत हातोडीच्या खुणा, जवळजवळ बोटाच्या पेराएवढ्या, ओळीने, आणि लाल खडूने ४७ लिहिलेलं! इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पण ४७, टपाच्या लाकडी पट्टीवर पण ४७ ठोकलेला. मागे आडवी छोटी सीट आहे, पोरांपुरती.

एअरकूल्ड_अण्णा:
४७ वाचून अंगावर काटा आला. हाताने ठोकलेले पत्रे एका गाडीचे दुसऱ्या गाडीला बसत नाहीत, म्हणून रंगाला पाठवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचे. गॅरेजमध्ये एकच गाडी बनवणारा हौशी माणूस कशाला ४७ टाकेल. नंबरावरून तळ १९५३ च्या उत्तरार्धातला वाटतो, पाच लाखावी फोक्सवागन त्याच जुलैत निघाली आणि तुझी तिच्या नंतरची. इंजिन मागाहून बदललंय, त्याचं काही नाही, त्या काळी सर्रास व्हायचं.

पोलादी पत्रा, कापडी टप, मागे छोटी सीट, पोर्शेचा चेहरा आणि गाव स्टुटगार्ट. माझा पैसा डानेनहाउअर उंड श्टाउसवर. तुझ्याच गावचे, १९५७ पर्यंत बीटलच्या तळावर अशा कॅब्रिओले बनवायचे, एकूण शंभराच्या आसपासच असतील. पुढे डीकेडब्ल्यू कंपनीच्या मोंझा गाडीच्या फायबरच्या बॉड्या पण सुरुवातीला यांनीच केल्या. १९५५ ला फोक्सवागनचीच कारमान घिया आली, फोक्सवागनच्या शोरूममध्येच सुंदर बॉडी मिळायला लागल्यावर हाताने ठोकणाऱ्याकडे कोण जाणार. पण शिक्कामोर्तब मी फोटोवरून करणार नाही, दुसऱ्या एखाद्या खऱ्या गाडीशेजारी उभी करून दाराच्या बिजागऱ्या आणि काचेची चौकट जुळवून बघायला पाहिजे.

तांबडीकाळी:
मी आपला हेबम्युलर म्हणून मोकळा झालो होतो 🙏

स्टुटगार्टचा_पुणेकर:
ताजी खबर. आज्जींना ब्रीफ सापडला, बिस्किटांच्या डब्यात, शिवणाच्या सामानाखाली. पहिली नोंद मार्च १९५४, प्रकार कॅब्रिओलेट, आणि मालक पहिल्यापासून एकच, आजोबा. म्हणजे सत्तरच्या दशकातली नक्कल वगैरे सगळी बंडल. आज्जींनी माझ्यासमोर त्या डीलरला फोन लावला, श्वाबीश बोलीत काय म्हणाल्या ते मला निम्मंच कळलं पण फोन ठेवल्यावर चहाबरोबर केकचा दुसरा तुकडा मिळाला. विकायची नाही म्हणतात, एकदा चालू करून बघायचीये. तर आता पुढचा प्रश्न, टाकीत जुनं पेट्रोल अजून आहे, वार्निशसारखा वास येतो, टाकी उतरवून धुवावी का आधी नुसती पेट्रोलची नळी सोडून बघू?