बादलीचा सापळा लावून उंदीर पकडलेत का? तुमचे अनुभव सांगा

मंडळी, घरात, माळ्यावर, शेडमध्ये, कुठेही उंदरांसाठी बादलीचा सापळा लावला असेल तर इथे लिहा. काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. व्हिडिओत बघताना फार सोपं वाटतं पण प्रत्यक्षात बरंच काही हुकतं. माझ्यापासून सुरुवात करते.

आमच्याकडे आधी साधा चाप होता. एका रात्रीत एक उंदीर, की मग सकाळपर्यंत तो चाप निकामी. नऊ दिवसांत नऊ उंदीर मिळाले तरी कपाटामागे लेंड्या तेवढ्याच. मग हिशोब कळला, मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्लं, आणि त्यातल्या माद्या दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. रोजचा एक पकडून हे आटोक्यात यायचं नाही. बादलीचं बरं हे की एक उंदीर आत पडला की ती आपली आपण पुढच्यासाठी तयार असते, रात्रीतून उठून परत लावावी लागत नाही.

मी रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घेतली, काठाखाली समोरासमोर दोन भोकं पाडली, त्यातून सरळ जाड तार घातली, तारेत प्लास्टिकची बाटली आडवी ओवली (उंदीर चढला की ती गरकन फिरून तो आत पडावा म्हणून), बाटलीच्या मध्यावर गोल फिरवून पीनट बटर लावलं आणि जमिनीपासून काठापर्यंत एक फळी टेकवली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री पण काही नाही, पण पीनट बटर चाटून साफ! तिसऱ्या रात्री टॉर्चवर लाल कागद लावून लांब बसून राहिले. उंदीर फळीवरून आला, मिशा हलवत थांबला, पुढचे दोन पाय बाटलीवर ठेवले, मग सरळ वर चढून मध्यावर बसला, पोटभर चाटलं आणि आला तसा परत गेला. बाटली जागची हलली नाही. तारेची भोकं घट्ट झाली होती, बाटली हाताने फिरवली तरी अडकत होती. खिळा तापवून भोकं मोठी केली, आता फुंकर मारली तरी फिरते. त्या रात्री चार मिळाले.

आत पाणी घालावं की कोरडी ठेवावी यावर मला तुमची मतं हवी आहेत, माझं मन अजून ठरत नाहीये.

*

ताई, माझ्याकडे बाटली नाही, पलटी झाकणाचा प्रकार आहे. उंदीर झाकणावर पुढे गेला की झाकण खाली झुकतं, तो पडतो, झाकण परत जागेवर. माझी चूक जागेची होती. मी बादली खोलीच्या मधोमध ठेवलेली, मोकळी जागा म्हणून. उंदीर मोकळ्यातून जात नाही हो, तो भिंतीला अंग घासत जातो, आणि घरातला छोटा उंदीर बिळापासून फार लांब फिरत पण नाही, पाच-दहा मीटरच्या आतच त्याचा सगळा कारभार. त्यामुळे एका कोपऱ्यातली बादली दुसऱ्या टोकाच्या उंदरांना माहीतच नसते.

मी काय केलं, रात्री झोपताना भिंतीच्या कडेने पीठ अगदी पातळ भुरभुरवलं. सकाळी बारीक पावलांची रांग आणि मधून शेपटीची रेघ इतकी स्पष्ट उमटलेली की रस्ता नकाशासारखा दिसला. बादली तिथे भिंतीला लावून ठेवली आणि पहिले तीन दिवस झाकण चिकटपट्टीने पक्कं केलं, नुसतं खायला दिलं. चौथ्या दिवशी पट्टी काढली. हे तीन दिवस वाया जात नाहीत, सवय लागते त्यांना, एका रात्रीत सहा पडले.

*

पाण्याबद्दल लिहितो. मी पहिल्यांदा चार-पाच इंच पाणी घातलं होतं कारण सगळीकडे तसंच दाखवतात. रात्री आवाजाने जाग आली, जाऊन बघितलं तर एक उंदीर पोहत होता, भिंतीला नखं लावून वर यायचा, घसरायचा, परत पोहायचा. मला वाटलेलं पडला की लगेच संपत असेल. तसं नसतं. बराच वेळ चालतं ते, आणि तो शेवटपर्यंत धडपडत असतो. मी त्याला बाहेर काढला, आणि त्यानंतर पाणी घातलं नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची प्राण्यांना वेदनेशिवाय मारण्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात बुडवून मारणं स्पष्ट अमान्य केलेलं आहे. उंदीर नको आहे मला घरात, अजिबात नको, पण म्हणून असं मारायचं हे पटत नाही.

पण कोरडी बादली म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही, हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो. एकदा दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि बादली तशीच राहिली. आलो तर आत तीन होते, दोन जिवंत, तिसऱ्याचं निम्मं अंग खाल्लेलं. भूक, तहान आणि कोंडलेले जीव, दुसरं काय होणार. तेव्हापासून नियम केलाय, रोज सकाळी उठल्या उठल्या आधी बादली बघायची, आणि घरात कुणी नसेल तर बादली उलटी करून ठेवायची. आत फाडलेला कागद, थोडं धान्य आणि काकडीचा तुकडा टाकतो. कागदाचा ढीग मात्र करू नका, त्यावर चढून उडी मारतात.

आणि सोडायचे कुठे हा प्रश्न राहतोच. कुंपणाबाहेर सोडले तर घरी परत येतात, लांब सोडले तर अनोळखी जागी बहुतेक फार दिवस टिकत नाहीत. त्यामुळे मी शेवटी घरात जोरदार स्प्रिंगचे चाप वापरायला लागलो, मान नेमकी सापडली तर क्षणात संपतं. बादली फक्त शेडमध्ये, आणि तीही मी घरी असेन तेव्हाच. गोंदाचे पॅड तर कुणीच वापरू नका प्लीज, इंग्लंडमध्ये 2024 पासून ते परवान्याशिवाय वापरायला कायद्यानेच बंदी आहे.

*

वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, घरात रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर पाण्याची बादली जमिनीवर ठेवूच नका. मूल वाकून डोकावतं, त्याचं डोकं जड असतं, आत पडलं की स्वतःहून बाहेर येता येत नाही आणि बादली कलंडतही नाही. इतक्या पाण्यात काय होतंय असं म्हणू नका, नाक-तोंड बुडेल एवढं पुरतं. आमच्या घरात बाळ आहे त्यामुळे आम्ही बादली कोरडी ठेवतो आणि तीसुद्धा कुलपाच्या खोलीत.

*

मोठ्या उंदरांवर बादली लावून महिना घालवला, एकही नाही. लेंड्या नीट बघा आधी. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार असतील तर छोटा उंदीर. सेंटिमीटरहून मोठ्या, जाड असतील तर मोठा, आणि त्याच्यापुढे ही बादली काहीच नाही. छोटा उंदीर नवीन वस्तू दिसली की वास घ्यायला स्वतःहून येतो, मोठा कित्येक दिवस तिच्या जवळपास फिरकत नाही. शिवाय छोटा साधारण फूटभर उडी मारतो, बादली त्याहून थोडी उंच, म्हणून तो अडकतो. मोठा पाऊण मीटर सहज उडतो. आणि बादलीला आतून ओरखडे असतील तर छोटापण चढतो, त्यामुळे जुनी घासलेली बादली नको.

*

माझ्या बादलीत एकदा चिचुंद्री सापडली. चीं चीं ऐकून गेलो, टॉर्च मारला, लांब सोंड, बारीक डोळे आणि तो वास. ती उंदीर नाहीच, किडे आणि झुरळं खाते, आपलं कामच करते. तिला सारखं खायला लागतं, फार वेळ उपाशी राहू शकत नाही. मी बादली आडवी केली, ती भिंतीच्या कडेने धावत गेली. पाणी असतं तर वाचली नसती. सकाळपर्यंत थांबलो असतो तरी बहुतेक नाहीच.

*

आमचं धान्याचं कोठार आहे. पहिल्या आठवड्यात दोन बादल्यांत 23 मिळाले, आम्ही खूश. दुसऱ्या आठवड्यात 19. तिसऱ्यात परत 20. मग लक्षात आलं की आपण नुसते मोजतोय, कमी काही होत नाहीयेत. ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये न्यू साउथ वेल्सला उंदरांचा सुळसुळाट झाला होता तेव्हा शेतकऱ्यांनी पाण्याची पिंपं लावली, रात्रीत शेकड्याने पडत होते, तरी संपले नाहीत. खायला ढीगभर असेल तर बादली पुरी पडत नाही.

मग पेन्सिल घेऊन कोठाराभोवती गुडघ्यावर फिरलो, जिथे पेन्सिल आत जाईल तिथे उंदीर जाईल असं धरून. सहा-सात मिलिमीटरची फट पुरते त्यांना. एकूण 14 जागा निघाल्या, सगळ्यात मोठी दाराच्या खालची. दाराला खालून पत्र्याची पट्टी मारली, भोकांत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपलं, जाळी बारीक छिद्रांची बसवली. नुसता फोम किंवा लाकूड घालू नका, कुरतडून रात्रीत परत वाट करतात. पोती उचलून पत्र्याच्या झाकणबंद पिंपांत ओतली. त्यानंतरच्या आठवड्यात बादलीत तीन, पुढच्यात एक. बादली तीच, आमिष तेच.

*

साफसफाईचं पण लिहा कुणीतरी, म्हणून मीच लिहिते. लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूम पण नको, धूळ नाकात जाते. काही जातींच्या उंदरांच्या लघवी-लेंड्यांतून हंता व्हायरस पसरतो, अमेरिकेत 1993 मध्ये त्याने माणसं दगावली. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून फवारा, पाच मिनिटं ओलं राहू द्या, मग पेपरने पुसा. बादलीही तशीच धुवा. मी पहिल्यांदा उघड्या हातांनी धुतली होती, हाताला कापलेलं होतं आणि उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो हे नंतर कळलं, दोन आठवडे नुसती धास्ती.

*

धागा काढणारी मीच परत. सगळ्यांचं वाचून पाणी ओतून टाकलं, बादली कोरडी केली, सकाळी साडेपाचचा अलार्म लावलाय. पिठाची युक्ती पण केली काल. मला इतके दिवस वाटत होतं ते माळ्यावरून येतात, पण पावलं सगळी सिंकखालच्या कपाटातून निघालेली. आत डोकं घालून बघितलं तर पाइप भिंतीत जातो तिथे पाइपपेक्षा भोक मोठं आहे, कडेने दोन बोटं आत जातात, आणि भोकाची कड त्यांच्या अंगाच्या मळाने काळी तुळतुळीत झालीये. एवढी वर्षं ते कपाट मी रोज उघडते. आज रात्री बादली तिथेच लावतेय. दोन रात्री सलग रिकामी मिळाली की भोक बुजवणार, पण पाइपच्या भोवती सिमेंट केलं तर पुढे पाइप बदलायला त्रास होईल का, कोठारवाले दादा, तुम्ही तिथे काय वापरलंत?