मीटरवर ५ वॅटच, तरी एसएसबीत अ‍ॅम्प्लिफायर ट्रिप होतो

वीस_मीटर:
१०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम रेडिओ आणि पुढे एलडीमॉस (पॉवर ट्रान्झिस्टरचा) अ‍ॅम्प्लिफायर. ५ वॅट ड्राइव्हला पूर्ण ३०० वॅट मिळतात. रेडिओची पॉवर ५ वॅटवर ठेवली आहे, मीटरही तेवढंच दाखवतो. एफटी८ला (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) काही तक्रार नाही. एसएसबीत (बोलण्याच्या मोडमध्ये) मात्र पहिला शब्द उच्चारला की ओव्हरड्राइव्हचा लाल दिवा लागतो आणि अ‍ॅम्प्लिफायर बायपासमध्ये जातो, म्हणजे सिग्नल न वाढवता तसाच पुढे सोडतो. माइक गेन निम्मा केला तरी तेच. एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप) १.२. मीटर चुकतोय का?

डमीलोड:
मीटर बरोबर आहे, पण इतक्या कमी वेळात त्याला काही दिसत नाही. हा एएलसीचा (आउटपुट मर्यादेत ठेवणाऱ्या स्वयंचलित नियंत्रणाचा) ओव्हरशूट, म्हणजे क्षणिक उडी आहे. पॉवर कमी लावली तरी फायनल्स (शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) १०० वॅटचेच राहतात. आउटपुट वाढल्याचं कळल्यावर मग एएलसी गेन खाली ओढतो आणि तोवरच्या काही मिलिसेकंदांत जवळपास १०० वॅट बाहेर पडू शकतात. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला १३ डीबी जास्त, वीसपट ड्राइव्ह! एफटी८चा सूर सलग आणि एका पातळीचा असतो. बोलताना दर विरामात एएलसी सुटतो आणि पुढच्या शब्दाला परत उडी.

खात्री करून घ्या. रेडिओ डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या ५० ओमच्या रेझिस्टरवर), मध्ये ४० डीबीचा सॅम्पलर (सिग्नलचा छोटा नमुना देणारा), ऑसिलोस्कोपचं इनपुट ५० ओमवर. ट्रिगर ०.५ व्होल्ट, सिंगल शॉट. ५ वॅटला शिखर ०.२२ व्होल्टच असतं. ‘हॅलो’ म्हटल्यावर स्कोप थांबला, तर किमान २५ वॅटचं शिखर येऊन गेलं.

ट्रिपची मर्यादा मात्र कृपया वाढवू नका. एलडीमॉसचं गेट जास्त व्होल्टेजने क्षणात पंक्चर होतं.

उपाय एकच पक्का: १० डीबीचा पाय पॅड (π आकारात जोडलेले, सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) लावून रेडिओ ५० वॅटवर चालवा. मग १०० वॅटची उडी आली तरी पुढे १० वॅटच जातात, म्हणजे फक्त ३ डीबी जास्त. अचूक मूल्यं टोकांना ९६ आणि मध्ये ७१ ओम, पण दोन्ही टोकांना जमिनीकडे १०० ओम आणि मध्ये १५० ओमचे दोन समांतर लावले तरी इनपुट ५२ ओम दिसतं आणि सुमारे १० डीबी मिळतात. ५० वॅटला पहिल्या १०० ओममध्ये २५ वॅट उष्णता, मधल्या प्रत्येकात ८, शेवटच्यात अडीच. म्हणून पहिला १०० वॅटचा फ्लँजवाला (स्क्रूने बसणाऱ्या धातूच्या पट्टीचा) घ्या, थर्मल पेस्ट लावून हीटसिंकवर. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर नकोत. आत तारेचं वेटोळं असतं, १० मीटर बँडवर मॅच (५० ओमशी जुळणी) बिघडतो. फ्लँजवाल्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, ते घासू वा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

वीस_मीटर:
स्कोप थांबला. पण पॅड केबलमध्ये टाकला तर रिसीव्हही १० डीबी खाली जाईल ना?

गेट_बायस:
जाईल, आणि बायपासमध्ये तुमचे १०० वॅटही १० होतील. शिवाय पॅडच्या पहिल्या रेझिस्टरवर ५० वॅट पडतील. म्हणून पॅड अ‍ॅम्प्लिफायरच्या आत, इनपुट रिलेच्या नंतर आणि ट्रान्झिस्टरच्या आधी बसवा.

अ‍ॅम्प्लिफायरची एएलसीची तार रेडिओला जोडून हे सुटत नाही, कारण तीही घटना घडून गेल्यावरच बोलते. एएलसी जॅकवर बॅटरी आणि पॉटने (फिरवून बदलायच्या रेझिस्टरने) स्थिर ऋण व्होल्टेज दिलं तर मात्र गेन आधीच दबलेला राहतो. बऱ्याच रेडिओंत ० ते उणे ४ व्होल्ट चालतं. मॅन्युअल बघा, पोलॅरिटी उलटी झाली तर इनपुट खराब होईल. डमीलोड म्हणतात तो पॅड मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण बॅटरी उतरली की संरक्षण संपलं.

रेडिओत टीएक्स डिले (प्रसारण थोडं उशिरा सुरू करायची सोय) असेल तर २५ मिलिसेकंद ठेवा. उघड्या फ्रेमचे रिले बसायला १५ ते २० घेतात. त्याआधी आरएफ आलं तर संपर्क जळतात. रेडिओतला ट्यूनरही बंद करा, तो अ‍ॅन्टेनाच्या बाजूलाच हवा.

वीस_मीटर:
पॅड आत बसवायला इनपुट रिलेपाशी जागा आहे. १०० वॅटचा फ्लँज मागवतो. ७३ (शुभेच्छा).