जिन्यातली फ्लूट

बी-२०३ : नमस्कार मंडळी. बी विंगच्या जिन्यात रोज रात्री आठच्या सुमारास कुणीतरी फ्लूट वाजवतं. वाजवणं गोड आहे, पण सासूबाई औषध घेऊन त्याच वेळी आडव्या होतात. जिन्यात आवाज घुमतो, दार लावलं तरी ऐकू येतो. कृपया राग मानू नये.

बी-६०१ : ताई, माफ करा. आमचीच लेक आहे. घरात वाजवलं की तिला आवाज कोरडा वाटतो, म्हणून पाचव्या मजल्याच्या लँडिंगवर जाऊन बसते. आजपासून बंद करायला सांगते.

ए-५०२ : बंद नका करू हो, फक्त वेळ बदला. पोरीचा कान अगदी बरोबर आहे. माझ्याकडे पॉल हॉर्न यांची एक तबकडी आहे, ‘इनसाइड’. अमेरिकन जॅझ फ्लूटवादक. १९६८ साली त्यांनी ती रात्रीच्या वेळी ताजमहालाच्या घुमटाखाली ध्वनिमुद्रित केली. साथीला तबला नाही, पियानो नाही. एकटी फ्लूट आणि तो घुमट. संगमरवर गुळगुळीत आणि कठीण, आवाज शोषून घेणारं आत काहीच नाही, त्यामुळे एक सूर सुमारे २८ सेकंद फिरत राहतो. पुढचा सूर आधीच्याच्या घुमत राहिलेल्या आवाजावर जाऊन बसतो. एकाच माणसाच्या फुंकरीतून तीन-चार फ्लूट एकदम वाजल्यासारखं वाटतं. ते वाजवतात थोडं आणि थांबतात जास्त. मध्येच एक माणसाचा आवाजही येतो, तो तिथल्या रखवालदाराचा.

सी-१०४ : काका, जॅझमध्ये फ्लूट असते? मला वाटायचं सगळं ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच.

ए-५०२ : बरीच वर्षं तसंच होतं. ड्रम आणि ट्रम्पेटपुढे फ्लूटचा आवाज बुडून जायचा. वेमन कार्व्हर १९३०च्या दशकात चिक वेब यांच्या बँडमध्ये वाजवायचे, पण तशी माणसं विरळा. मायक्रोफोन सुधारले आणि १९५०च्या दशकात काउंट बेसींच्या वाद्यवृंदात फ्रँक वेस फ्लूट घेऊन पुढे आले. हॉर्न त्याच काळातले. जन्म १९३०, न्यूयॉर्कचा. ओबर्लिनच्या संगीत महाविद्यालयात क्लॅरिनेट शिकले, मग मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक. १९५६ला ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या बँडमध्ये आले. त्यात चेलो होता, गिटार होती, म्हणून तिथे हळू आवाजाच्या वाद्याला जागा मिळाली.

बी-६०१ : मग ते इकडे कसे आले?

ए-५०२ : लॉस एंजेलिसला स्टुडिओत भरपूर काम होतं, नाव होतं, पैसाही होता. पण मन रमेना. १९६६च्या अखेरीस ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडे ध्यान शिकायला आले. त्याच मुक्कामानंतर १९६७मध्ये रविशंकरांच्या शिष्यांबरोबरच्या त्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. पुढच्या वर्षी महर्षींवरच्या चित्रपटाच्या कामासाठी परत आले आणि ताजमहालात फ्लूट घेऊन गेले. पुढे १९७६ला इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमध्येही वाजवलं. कॅनडात व्हिक्टोरियाला राहायला गेल्यावर तिथल्या मत्स्यालयात हायडा नावाच्या ओर्का माशासमोर, म्हणजे तो मासा नव्हे, सस्तन प्राणी, त्याच्यासमोर वाजवायचे. २०१४ला व्हँकुव्हरला वारले. स्टुडिओतलं त्यांचं वादन सफाईदार आहेच, पण मला ते ताजमहालातच खरे भेटतात. तिथे बोटांची चपळाई दाखवायला वावच नाही. घाई केली की सगळा चिखल होतो.

बी-६०१ : आजोबा, मी लेक बोलतेय, आईच्या फोनवरून. मी लांब सूर धरून थांबते तेव्हा तो खाली जाऊन परत वर येतो. त्यावर पुढचा कुठला घ्यायचा?

ए-५०२ : आधी तो विरेपर्यंत नुसता ऐक. सा असेल तर त्यावर ग किंवा प छान मिसळतो. लगेच शेजारचा रे घेतलास तर दोघं एकमेकांना घासतील. कधी मुद्दाम घासूही दे, आणि मग सा वर परत ये. रविवारी तबकडी ऐकायला घरी ये. तुझी फ्लूट आण.

सेक्रेटरी : बी विंग, संध्याकाळी सहा ते सात अशी वेळ ठरवू या का? परीक्षांच्या दिवसांत क्लबहाऊसची किल्ली देईन.

बी-२०३ : सहा ते सात चालेल. सासूबाई तेव्हा जाग्याच असतात, दाराशी खुर्ची टाकून देते. फक्त पाण्याची मोटर सहालाच सुरू होते, तिची घरघर जिन्यात येते. ती पाचला लावता येईल का?

सेक्रेटरी : वॉचमनला आत्ताच सांगतो.