मदत हवी आहे : दोन महिन्यांचे पिल्लू तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येत आहे, शी-शूची सवय कशी लावावी?

नमस्कार.

येत्या रविवारी आमच्या घरी कुत्र्याचे पिल्लू येणार आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, झाकून ठेवलेल्या एका जुन्या मोटारीखाली जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी ही एक. गावठी, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली. रविवारी ती साडेआठ आठवड्यांची होईल. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचे नाही, असे त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या शेजारच्या काकूंनी निक्षून सांगितल्यामुळे आम्ही आजवर थांबलो. घर पुण्यात, कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. घरात मी, माझे यजमान, चौथीत शिकणारी मुलगी आणि सासूबाई असतो. मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते. उरलेले दोन दिवस सकाळी साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत घरात सासूबाई एकट्याच असतात, आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढणे-उतरणे जमत नाही.

प्रश्न विचारण्याआधी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे सारे लिहीत आहे. २०१६ साली आम्ही मोती नावाचे पिल्लू आणले होते आणि चार महिन्यांनी, केवळ घरातल्या घाणीला कंटाळून, मुळशीकडच्या एका परिचितांच्या शेतावर सोडून आलो. त्याला आम्ही आधी वर्तमानपत्रावर बसायला शिकवले. ते तो इतके छान शिकला, की सासूबाई जमिनीवर कागद पसरून मेथी निवडायला बसल्या आणि पाणी आणायला म्हणून उठल्या, तेवढ्यात त्याने त्या जुडीसकट कागद भिजवला. त्या दिवसापासून घरात आरडाओरडा सुरू झाला. कोणी तरी सांगितले म्हणून आम्ही त्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासले, हे लिहिताना आज लाज वाटते. पुढे तो आमच्यासमोर शू करेनासा झाला. खाली नेले की अर्धा अर्धा तास झुडपे हुंगत फिरे, काहीही न करता वर येई, आणि मी चपला काढून दार लावेपर्यंत दिवाणामागे जाऊन मोकळा होई. रोज फिनेलने पुसूनही जागा तीच. तो मुद्दाम करतो आहे, अशी तेव्हा आमची खात्रीच झाली होती.

या वेळी थोडी तयारी केली आहे. चार्जरच्या वायरी वर घेतल्या, चपलांच्या कपाटाला कडी लावली, तुळशीची कुंडी स्टँडवर चढवली आणि सोमवारी पशुवैद्यांची वेळ घेतली. प्रश्न मात्र शिल्लकच आहेत. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर सोडू नये असे सगळे सांगतात, कंपाउंडमध्ये भटकी कुत्री आहेत आणि आषाढाचा पाऊस आहे. मग तोवर सवय कशाची लावायची? कागदाची लावली तर मेथीची पुनरावृत्ती, आणि मोरीची लावली तर पुढे ती बाहेर बसेल का? मी नसताना सासूबाईंनी खुर्चीवरून फार न उठता काय करावे? रात्री पिंजऱ्यात ठेवण्याची कल्पना घरात कोणालाच रुचत नाही, तर दुसरा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

मोती मुद्दाम करत नव्हता. तुमच्या वर्णनात त्याचे उत्तर आहे, म्हणून आधी तेच लिहितो. पिल्लाला ओरडा बसतो तेव्हा ‘घरात शू करणे वाईट’ असा अर्थ त्याला लागत नाही, ‘माणसासमोर शू केली की संकट येते’ एवढाच लागतो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही उभ्या असताना तो खाली बसणार कसा? दिवाणामागे त्याला कोणी पाहत नव्हते. शिवाय, त्याने खाली शू केली की तुम्ही लगेच वर आणत होता का, हे आठवून पाहा. बहुतेक जण तसेच करतात, आणि मग शू केली की फिरणे संपते हे पिल्लू चार दिवसांत ओळखून रोखून धरायला शिकते. फिनेलने आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते, पण लघवीचा अंश फरशीच्या सांध्यांत राहतो आणि कुत्र्याला तो कळतो. त्यासाठी एन्झाइमचे क्लीनर मिळते, ते वापरा. ते मिळेपर्यंत पाण्यात व्हिनेगर चालेल. अमोनिया असलेले क्लीनर नको, त्याचा वासच लघवीसारखा असतो.

आता वेळेचे गणित. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवायचा आणि दिवसा फार तर तितके तास ते धरू शकते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या पिल्लाचे तीन तास, तेही ते शांत असेल तर. एरवी झोपेतून उठल्या उठल्या, खेळ थांबला की आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत तिला जावेसे वाटणारच. खेळता खेळता अचानक नाक जमिनीला लावून गोल फिरू लागली, तर हातात पाच-सात सेकंद असतात. तेवढ्यात न बोलता उचलायचे, ठरलेल्या जागी ठेवायचे, आणि काम झाले की तिथल्या तिथे चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यायचा. स्वयंपाकघरातून आणून दिलेला तुकडा तिच्या लेखी चालत येण्याचे बक्षीस ठरतो, म्हणून डबी जागेपाशीच ठेवा. ती बसत असतानाच एखादा ठरावीक शब्द हळू उच्चारत गेलात, तर महिन्याभरात तो शब्द ऐकून ती बसू लागेल. घरात चूक झालीच तर मुकाट्याने पुसायचे, आणि आपले लक्ष कुठे होते ते स्वतःला विचारायचे.

जेवण ठरलेल्या वेळी दिले तर शीचीही वेळ ठरते, म्हणून सध्या दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि वाटी दिवसभर भरून ठेवू नका. पाणी मात्र दिवसा कायम असू द्या. पहिल्या आठवड्यात दूध-पोळी टाळा. आईचे दूध सुटलेल्या पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीचे दूध पचत नाही, आणि जुलाब लागलेल्या पिल्लाला कोणतीच शिस्त लावता येत नाही. सासूबाईंना एवढेही सांगा, की प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा किंवा कांदा घातलेली भाजी प्रेमाने भरवू नये. दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

पिंजरा नको असेल तर टीव्हीचे मोठे खोके घ्या, त्यात जुनी चादर घाला आणि ते तुमच्या पलंगाला लागून ठेवा. कडा इतक्या उंच हव्यात की तिला उडी मारून बाहेर येता येणार नाही. सहसा पिल्लू झोपायची जागा घाण करत नाही, त्यामुळे रात्री एकदा-दोनदा ती कुंइं-कुंइं करेल तेव्हा उठून न्या. दिवा न लावता, न खेळवता, आणि परत खोक्यात.

लसींबाबत अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस असतात आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीला काम करू देत नाही आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. एक झाला की निर्धास्त झालो असे नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे जमिनीवर सोडू नका हे योग्यच. पण कडेवर घेऊन रोज खाली न्या. घंटागाडी, रिक्षा, छत्र्या, रेनकोट घातलेली माणसे हे सारे तीन-साडेतीन महिन्यांच्या आत पाहिलेले पिल्लू पुढे भित्रे होण्याची शक्यता कमी.

प्रतिसाद २

आम्ही मुंबईत अकराव्या मजल्यावर राहतो आणि आमच्यावरही हीच वेळ आली होती. कागद नको, पायपुसणेही नको. उलट घरातली सगळी पायपुसणी सहा महिने उचलून ठेवा, कारण पिल्लाला पायाखाली मऊ आणि शोषणारे काही लागले की ते तिथेच बसते. प्लास्टिकचे एक रुंद, उथळ घमेले घ्या, त्यात माती भरून वर हरळीचा तुकडा लावा आणि ते गॅलरीत, पावसाच्या झडीपासून आत ठेवा. पायांना मातीची सवय लागली की पुढे बाहेर बसणे सोपे जाते. माती कंपाउंडमधली घेऊ नका, नाहीतर ज्या विषाणूला टाळायचे तोच तुम्ही तिसऱ्या मजल्यावर वाहून न्याल. रोपवाटिकेतून पोते आणा. सासूबाईंची खुर्ची गॅलरीच्या दाराशी आणि पिल्लू तेवढ्याच भागात, मध्ये आडव्या पाटाचे कुंपण, असे केले तर त्यांना फारसे उठावे लागणार नाही. मातीतून जंतांचा प्रसार होतो, म्हणून जंतांचे औषध वेळेवर द्या आणि मुलीला हात धुवायला लावा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

पाच आठवडे झाले. सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच वेळा पुसावे लागत होते, आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, तेही पाहुणे आल्यावर आनंदाने. रेबीजची लस गेल्या आठवड्यात झाली. ठरावीक शब्द शोधण्याची वेळच आली नाही, कारण सासूबाई नातीला लहानपणी करत असत तसा ‘शूऽऽ’ असा आवाज करू लागल्या आणि चिंगी तो ऐकून घमेल्यात जाऊन बसू लागली. त्या दोन दिवसांत घरात एकही चूक होत नाही. माझ्या दिवसांत होते, कारण मी लॅपटॉपकडे पाहत असते.

नवी अडचण अशी, की परवा तिला काकूंच्या घरी नेले, तेव्हा तिने तिथे अडीच तास रोखून धरले आणि आमचे दार उघडताच घमेल्याकडे धाव घेतली. शेवटचा डोस तीन आठवड्यांनी आहे. त्यानंतर खाली नेल्यावर ती घमेल्यासाठीच अडून बसली, तर काय करावे?

प्रतिसाद ३

घमेले काढून टाकू नका, सासूबाईंच्या दोन दिवसांसाठी ते लागणारच आहे. खाली न्यायला लागाल तेव्हा पहिला आठवडा पहाटेची पहिली शू फक्त खालीच, कारण त्या वेळी रोखून धरणे तिलाच जड जाते. कंपाउंडच्या भिंतीलगतचा एक कोपरा ठरवून घमेल्यातली दोन मुठी वापरलेली माती तिथे टाका, शेजारी उभे राहा, आणि सासूबाईंचा तो आवाज आता तुम्हालाच करावा लागेल. काम झाल्यावर दहा मिनिटे फिरवा, लगेच वर आणू नका. आणि त्याच्या आदल्या रात्री घमेल्यातली माती बदलू नका.