उत्तर: दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडणं ढोंग आहे का?

"स्वतःची श्रद्धा नसलेल्या ठिकाणी प्रार्थना करणं म्हणजे नुसतं ढोंग" हे या प्रश्नावर इथे कुणीतरी मांडलेलं मत काही पटलं नाही. प्रार्थना मागण्यापुरती नसते हे मात्र मान्य. (मागणारेच जास्त असतात, मीही त्यातलाच.)

मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना (ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना) होते, मराठीतूनही. रांगेत कुंकू लावलेल्या बायका कितीतरी. माझी आई त्यातलीच एक. माझा हात मोडला तेव्हा ती वांद्र्याला मोतमाउलीलाही (माउंट मेरी चर्चमध्ये) गेली. पायरीजवळच्या स्टॉलवरून नवसाला वाहायचा मेणाचा हात घेतला, उन्हात तो मऊ पडायला लागला म्हणून पदरात गुंडाळून वर नेला. आत बाकावर बसून म्हणत काय होती? रामनाम! पण माहीमला मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी लोक प्रसादाची पांढरी चकती घ्यायला उठले, तेव्हा मीही उठलो, तर तिने शर्ट धरून खाली बसवलं. "ते त्यांचं आहे, बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं." शेजारच्या मावशींनी तिला हे कधीतरी सांगितलं होतं. मला चकतीची चव कशी असते याचीच उत्सुकता होती, पण आई काही ऐकेना.