महागड्या घड्याळांचे सुटे भाग कंपन्यांनी बाहेरच्या कारागिरांना विकायला हवेत की नकोत?

मिनिटकाटा
विषय जरा श्रीमंती थाटाचा आहे, पण मुद्दा अडवणुकीचा आहे म्हणून मांडतोय.

माझं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हाताच्या हालचालीवर चावी भरणारं, अचानक रोज आठ-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिलं. पावती लगेच मिळाली, खर्चाचा अंदाज यायला मात्र गणपती जाऊन दसरा उजाडला. त्यात पर्याय एकच: पूर्ण सर्व्हिस, नवी काच, केसला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश, मिळून बेचाळीस हजार. ‘नुसतं पुढे पळतंय तेवढंच बघा’ म्हटलं तर ‘सर, अर्धवट काम आमच्या पॉलिसीत बसत नाही.’ काम न करता परत हवं असेल तर तपासणीचे पैसे वेगळे.

ते भरले आणि घड्याळ एका जुन्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी आधी साधं होकायंत्र घड्याळाशेजारी धरलं. सुई हलली. ‘मॅग्नेट लागलंय,’ म्हणाले. चाल सांभाळणाऱ्या हेअरस्प्रिंगचे, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट सुटतं. डीमॅग्नेटायझरचं बटण दाबून त्यांनी घड्याळ सावकाश वर उचललं, मग टायमिंगच्या यंत्रावर ठेवलं. पडद्यावर विखुरलेले ठिपके होते, तिथे दोन सरळ रेषा उमटल्या. दोनशे रुपये घेतले.

माझ्या कामात सुटा भाग लागला नाही, पण लागला असता तर कंपनीने तो घड्याळजींना दिलाच नसता. माझं मत सरळ आहे. सुटे भाग दाबून ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवायचा हा धंदा कायद्याने मोडला पाहिजे.

स्पष्टवक्ता
एवढं महागाचं घड्याळ घेता आणि सर्व्हिसला रडता? हत्ती पाळायचा तर चाऱ्याची सोय आधी बघावी.

काउंटरपलीकडचा
मी अधिकृत सर्व्हिसमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चुंबकत्व तपासायचं राहिलं ही त्या सेंटरची लाज आहे, तिथे वाद नाही. पण ‘तेवढंच बघा’ हे ऐकायला सोपं वाटतं. एका पिव्हटवरचं (चाकाच्या आसाच्या टोकावरचं) तेल सुकलंय म्हणजे बाकीचीही त्याच वाटेवर असतात. आम्ही एकाच ठिकाणी हात लावला आणि चार महिन्यांनी दुसरं काही अडकलं, तर तुम्ही कुणाच्या नावाने ओरडणार? मागचं झाकण उघडलं की गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बदलावं लागतं, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते. तबकडीवर १०० मीटर छापलंय ना!

आता बाहेरचे कारागीर. स्क्रूची डोकी ओरबाडलेली, नको तिथे तेलाचे थेंब, लोकल चावी कशीबशी बसवलेली, अशी घड्याळं शेवटी आमच्याकडेच येतात. आणि भाग खुले विकले की ते कुठे जातात? जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे नाव कशासाठी घेतात ते शोधा. मोडक्यातोडक्या घड्याळांची जुळवाजुळव, वर नव्याने रंगवलेली तबकडी, आणि ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून विक्री. मान खाली जाते.

घड्याळजींची_लेक
काउंटरपलीकडचा, तबकड्या रंगवून विकणारे वेगळे आणि दुरुस्ती करून पोट भरणारे वेगळे. एका दोरीने दोघांना का बांधता?

माझ्या बाबांच्या टेबलाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत. मेलेल्या घड्याळांतून काढलेली चाकं, स्टेम (चावीची आतली दांडी), स्प्रिंगा, सगळं कागदाच्या पुड्यांत, पुडीवर पेन्सिलीने कॅलिबर, म्हणजे आतल्या यंत्राचा प्रकार, लिहिलेलं. एचएमटीचं काम आलं की डबा उघडायचा, भाग निघतोच. स्विस आलं की हात बांधलेले. ओमेगा, लाँजिन्स, टिसो, राडो ज्यांच्याकडे आहेत त्या स्वॉच ग्रुपने २०१६ पासून घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणंच बंद केलं. मग बाबा बारीक सळई लेथवर उतरवून स्टेम घडवतात आणि तुम्ही त्याला ‘लोकल’ म्हणून नाक मुरडता. अस्सल भाग देत नाही म्हणून लोकल बसतो, आणि लोकल बसवतात म्हणून अस्सल देत नाही. कसं जिंकायचं तुमच्याशी?

लेस्टरकर
मिनिटकाटा, ‘कायद्याने मोडा’ एवढं सोपं नाही. युरोपातल्या घड्याळ दुरुस्तीकारांच्या महासंघाने याच प्रश्नावर २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने फेटाळली. २०१० मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, म्हणून पुन्हा चौकशी झाली, २०१४ मध्ये पुन्हा नकार, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने या वेळी आयोगाची बाजू उचलून धरली. दर्जा राखणं, नकली माल रोखणं, ही कारणं तिथे चालून गेली. तेरा वर्षं लढून हाती भोपळा.

भारतात मात्र वेगळं उदाहरण आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण त्या बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, पण आयोगाने दिशा दाखवली. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आली. घड्याळं नाहीत.

काउंटरपलीकडचा
नसणारच. ट्रॅक्टर बंद पडला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. घड्याळ बंद पडलं तर तुम्ही फोनमध्ये वेळ बघता. हौसेच्या वस्तूसाठी सरकारने कंपनीच्या गोदामात शिरावं हे मला पटत नाही.

वैदर्भीय
हौस म्हणून सोडून द्या म्हणणं सोपं आहे. माझ्या सासऱ्यांचं घड्याळ सर्व्हिसला दिलं होतं. तबकडी उन्हाने तपकिरी झालेली, म्हणूनच सुंदर दिसायची. परत आलं ते कोऱ्या तबकडीसह, केसच्या कडाही पॉलिशने गोल झालेल्या. जुनी तबकडी मागितली तर म्हणे बदललेले भाग परत देत नाहीत. सासूबाईंनी घड्याळ हातात घेऊन विचारलं, ‘हे कुणाचं?’ बिल मात्र आमच्याच नावाचं होतं.

मिनिटकाटा
वैदर्भीय, हे दुरुस्तीपेक्षा हिसकावणं झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, २०१९ च्या ग्राहक कायद्यात सेवेतल्या त्रुटीविरुद्ध जिल्हा आयोगात जाता येतं. न विचारता तबकडी बदलली असेल तर मला ती त्रुटीच वाटते.

काउंटरपलीकडचा, निदान तीन गोष्टी सांगा, मान्य का? पॉलिशला आधी लेखी होकार. काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत. आणि अंदाज किती दिवसांत येणार ते पावतीवर.

काउंटरपलीकडचा
पहिली आणि तिसरी डोळे मिटून मान्य. दुसरीत तबकडी आणि काटे परत द्यावेत, कारण त्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो. पण बाकीचे भाग दिले की तेच जुन्या बाजारात ‘अस्सल’ म्हणून फिरतात. खुल्या विक्रीला माझा विरोध आहे तसाच.

घड्याळजींची_लेक
खुली नको, परीक्षा घेऊन विका. बाबा आजही भिंग लावून बसतील परीक्षेला.

काउंटरपलीकडचा
ताई, नुसती परीक्षा नाही. ठराविक यंत्रं, धूळ नसलेली खोली, ब्रँडची तपासणी. यंत्रांवरच लाखो रुपये जातात.

घड्याळजींची_लेक
दुकान सहा बाय आठचं आहे. म्हणजे नाहीच म्हणा ना.