गरोदर बायकांना औषधांच्या अभ्यासात घ्यावं की नाही?

लालबागची बाई

मी निवृत्त शिक्षिका. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या नीती समितीवर चार वर्षं सामान्य सदस्य म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकील नाही अशी एक तरी व्यक्ती समितीवर लागते, ती मी. नवं औषध माणसांवर तपासायचं असेल तर त्याचा प्रस्ताव आधी आमच्यापुढे येतो. त्यातली एक ओळ आता मला पाठ झाली आहे : 'गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना वगळण्यात येईल.' पहिलं वर्षभर ती वाचून मला बरं वाटायचं. आता रागच येतो.

पोटात बाळ आहे म्हणून एचआयव्ही किंवा टीबी वाट बघत नाही. औषध बाजारात आलं की ते गरोदर बाईलाही द्यावंच लागतं. तिला कधी अभ्यासात घेतलेलंच नसतं, त्यामुळे डोस किती द्यायचा आणि बाळावर काय परिणाम होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. मग प्रयोग व्हायचा तो होतोच. फक्त तो वॉर्डात होतो, सही न घेता, नोंद न ठेवता.

२०२१ आठवा. आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोनाची लस जानेवारीत सुरू झाली, १८ वर्षांवरच्या सगळ्यांना १ मेपासून. सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्याच, म्हणून त्यांना परवानगी मिळाली ती २ जुलैला. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. आमच्या चाळीतली एक मुलगी सातव्या महिन्यात गेली. लस मिळाली असती तर ती वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिला रांगेत उभं राहायचीही मुभा नव्हती, हे मी विसरू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की वगळायचं असेल तर वगळण्याचं कारण लिहून द्या. नाहीतर त्यांना आत घ्या, नीट काळजीने.

गोवंडी_फिल्डवर

बाई, तुमचा हेतू समजला, पण मी ठाम विरोधात आहे. बारा वर्षं एचआयव्ही पॉझिटिव्ह बायकांसोबत एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, रांगेत उभी राहते. संमती कशी घेतली जाते ते जवळून पाहिलंय.

एक प्रसंग सांगते, कुठला ते नको. चौदा पानांचा फॉर्म, मराठीतच. त्यात वाक्य होतं : 'सहभागींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली जाईल.' माझ्यासोबतच्या बाईनं विचारलं, "म्हणजे चिठ्ठी टाकणार?" वाचून दाखवणारा घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, चिठ्ठी कसली, कॉम्प्युटर ठरवतो." ती गप्प झाली आणि सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बरं झालं, कॉम्प्युटर माझे रिपोर्ट बघून मला लागेल तीच गोळी देणार." कॉम्प्युटरही चिठ्ठीच टाकतो, रिपोर्ट बघत नाही. चिठ्ठी तिला बरोबर कळली होती, दर महिन्याला भिशीची चिठ्ठी ती स्वतः उचलते. तिला समजलेलं तिच्याकडून काढून घेतलं आणि त्यावर सही घेतली.

शिवाय जिथे बाळंतपण होणार त्याच विभागातून विचारणा आली तर 'नाही' म्हणायची हिंमत कुणाची होते? घरी सासूला आजार माहीत नाही, नवऱ्याने स्वतःची टेस्ट केलेली नाही, आणि हिच्या हातात पिशवीभर कागद.

धोका नुसता कागदावरचा नाही. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाचा अभ्यास बघा. आठ देश, त्यात आपलं पुणेही. एचआयव्ही असलेल्या ९५६ गरोदर बायका. टीबी होऊ नये म्हणून एका गटाला गोळ्या गरोदरपणातच दिल्या, दुसऱ्याला बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी. गर्भपात, पोटात बाळ जाणं, कमी वजन, अपुरे दिवस, व्यंग यांपैकी काही ना काही पहिल्या गटात २३.६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. मधल्या साडेसहा टक्क्यांत कुणाची तरी बाळं आहेत.

बालरोगवाला, ठाणे

हाच अभ्यास मी नेमका उलट बाजूने वाचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच एचआयव्ही असलेल्यांना ही गोळी द्या असं सांगितलं होतं, गरोदर बायकाही त्यात आल्या. म्हणजे हे ९५६ जणींपासून सुरू झालं नाही. शिफारस आधी आली, गरोदरपणात तपासणी नंतर. अभ्यासच झाला नसता तर हा १७ आणि २३.६ मधला फरक कुणाला कळला असता? प्रत्येक बाई आपापल्या घरी 'नशीब माझं' म्हणून रडली असती. प्रश्न अजून मिटलेला नाही हेही खरं : संघटनेने २०२० मध्येही गरोदरपण हे गोळी नाकारायचं कारण मानलं नाही. पण आज डॉक्टर ती देताना विचार करतो, तो या बायकांमुळे.

डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचं बघा. २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली : गर्भ राहतानाच हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मज्जारज्जूचं व्यंग. जगभर घबराट पसरली. कितीतरी देशांत तरुण बायकांना हे चांगलं औषध देताना हात आखडता घेतला गेला. पण बोट्स्वानाने बाळंतपणांची नोंद सोडली नाही. हजारो नोंदी जमल्यावर प्रमाण इतर औषधांइतकंच निघालं. आज आपल्या एआरटी सेंटरमधून मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्र गोळीत तेच औषध आहे. नोंद ठेवली नसती तर ती भीती अजून आपल्या मानगुटीवर असती.

आणि स्तनपान. पूर्वी एचआयव्ही म्हटलं की आईचं दूध बंद, डबा सुरू. पावसाळ्यात आमच्याकडे डब्याच्या दुधावरची बाळं जुलाबाने सुकून यायची, डोळे आत गेलेले, टाळू खाली बसलेली. बाटली धुवायला स्वच्छ पाणी नाही, पावडर महाग म्हणून पातळ कालवलेली. पुणे, इथिओपिया आणि युगांडा इथे मिळून जो अभ्यास झाला, त्यात दुधातून लागण होऊ नये म्हणून बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीचं औषध देऊन बघितलं. नंतर प्रॉमिस नावाचा मोठा अभ्यास झाला. आई गोळ्या घेत असेल किंवा बाळाला सिरप चालू असेल तर दुधातून लागण सहा महिन्यांत ०.३ टक्के, वर्षात ०.६ टक्के. या आकड्यांच्या जोरावर मी आज आईला सांगतो, "गोळी चुकवू नकोस आणि बिनधास्त पाज." बाळंतिणींना अभ्यासाबाहेर ठेवलं असतं तर हे वाक्य मला कुणी दिलं असतं?

नायगावच्या सिस्टर

दोघांचंही वाचलं. मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात होते, आता घरी असते.

२००३ सालची गोष्ट. पॉझिटिव्ह बाईला कळा सुरू झाल्या की नेव्हिरापिनची एकच गोळी द्यायची, २०० मिलिग्रॅम. बाळाला ७२ तासांच्या आत सिरप. युगांडात १९९९ मध्ये सिद्ध झालं होतं की एवढ्यानेही बाळाला लागण व्हायचा धोका जवळपास निम्मा होतो. स्वस्त, सोपं, एका गोळीचं काम. मीही दिल्या. देताना हात जोडावेसे वाटायचे.

पण ती गोळी आईसाठी नव्हतीच. बाळाचं काम झालं की आईच्या केसपेपरवर पुढे काही लिहायला नसायचं. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुंबईत जे.जे.ला. त्याआधी डिस्चार्जच्या दिवशी आई विचारायची, "सिस्टर, माझी गोळी?" आणि मी बाळाचं टोपडं सारखं करत बसायचे. वर पुन्हा त्या एका गोळीने आईच्या अंगातला विषाणू पुष्कळदा औषधाला सरावायचा, म्हणजे पुढे तिला उपचार मिळाले तरी तेच औषध लागू पडेल याचा भरवसा नाही. एक बाई दुसऱ्या वर्षी मूल दाखवायला आली, मूल निगेटिव्ह, गुटगुटीत. तिसऱ्या वर्षी ते मूल आजीच्या कडेवर आलं.

म्हणून सांगते, गरोदर बाईला अभ्यासात घ्या की न घ्या हा माझ्यासाठी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, त्या अभ्यासात ती रुग्ण आहे की नुसती बाळाची पिशवी? अभ्यास संपल्यावर तिच्या गोळ्या कोण देणार, हे पहिल्या पानावर असायला हवं.

भांडुप_दादा

माझी बहीण अशाच एका अभ्यासात होती. नाव घेत नाही. त्यांची वागणूक चांगली होती, गाडीभाडं मिळायचं, दर महिन्याला न चुकता फोन यायचा. मग अभ्यास संपला आणि फोनही संपले. तिला काय निघालं ते कधीच कुणी सांगितलं नाही. ती मला विचारते, "दादा, मी कुठल्या गटात होते रे?" मी काय सांगू? डॉक्टर, तुम्ही टक्के सांगता ते तुम्हाला जर्नलमधून कळले. ज्यांच्या रक्तातून ते निघाले त्यांनाही कळले पाहिजेत.

लालबागची बाई

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ नुसती बसले. चार वर्षांत मी एकदाही कुठल्या प्रस्तावात विचारलेलं नाही की निकाल या बायकांना कोण, कधी, कुठल्या भाषेत सांगणार. ही माझी चूक. यापुढे विचारेन.

गोवंडीच्या ताई, नियम पार कोरडे नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार आई अभ्यासात असल्यामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली तर तिचीही भरपाई द्यावी लागते. संमतीचं रेकॉर्डिंग लागतं तिथे एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाज पुरेसा धरलाय, चेहरा दिसू नये म्हणून. पण तुमचा चिठ्ठीचा किस्सा नियमात कुठेच पकडला जात नाही. रेकॉर्डिंगमध्ये बाईचा 'हो' स्पष्ट ऐकू येईल, तिला काय समजलं ते ऐकू येणार नाही.

माझं मत मात्र बदललेलं नाही. तुमचा आक्षेप संमती वाईट घेतली जाते हा आहे. मग संमती सुधारू या, बाईला बाहेर का ठेवायचं? फॉर्म मंजूर करताना तुम्ही आमच्यासोबत बसाल का?

गोवंडी_फिल्डवर

'सुधारू या' म्हणणं सोपं आहे. मी बारा वर्षं तेच ऐकतेय. आधी सुधारा, मग बोलवा, हा माझा क्रम. नवंकोरं औषध असेल तर माझा विरोध कायम. आधीपासून गरोदर बायकांना दिलंच जातंय अशा औषधाची नीट नोंद ठेवणं, बोट्स्वानासारखी, याला माझी हरकत नाही. डॉक्टरांनी दोन्ही एकाच पिशवीत भरलंय.

आणि गावाचं काय? आमच्या कितीतरी जणी सातव्या महिन्यात माहेरी जातात, कुणी सोलापूरला, कुणी थेट आझमगडला. तिकडे पोट दुखलं, अंगावरून जायला लागलं तर अभ्यासवाल्यांचा मुंबईचा नंबर काय कामाचा? गावच्या दवाखान्यात आजार सांगायचा की लपवायचा? फॉर्मच्या चौदा पानांत यावर एक ओळ नव्हती.

नायगावच्या सिस्टर

हे अगदी खरं. सहाव्या आठवड्याला एचआयव्हीच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायची वेळ यायची आणि बाळ गावी. आम्ही पोस्टकार्डं टाकायचो, त्यावर आजाराचं नावही लिहिता यायचं नाही. 'बाळाला डोस द्यायला आणा' एवढंच.

बालरोगवाला, ठाणे

नोंद आणि चाचणी मी एकत्र केली, हे मान्य. फरक आहे. तरी आयसोनियाझिडचं उत्तर नुसत्या नोंदींतून मिळालं नसतं, तिथे दोन गटच लागले. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

गोवंडी_फिल्डवर

नाहीच होणार. पण बाई, फॉर्म वाचायला मी येते. मंगळवारी सेंटरवरून चारला सुटते, त्यानंतर. सोबत त्या भिशीवाल्या बाईला आणेन, ती तयार असेल तर. तिला आधी वाचून दाखवा आणि ती काय समजली ते तिच्याच तोंडून ऐका. मी मधे बोलणार नाही.